ओआरएसने जुलाब थांबत नाहीत, तरी तेच पाजायचं

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी अकरा महिन्यांची, वजन आठ किलो. परवापासून पाण्यासारखी शी होतेय, दिवसाला आठ-नऊ वेळा. पहिल्या दिवशी उलट्याही झाल्या. रक्त नाही, ताप जेमतेम. काल दुपारपासून ओआरएस सुरू केलं, पण "पाजलं की लगेच शी होते, उलट वाढलीच आहे". मेडिकलवाल्याने जुलाब बंद करायचं सिरप दिलंय. शेजारचे डॉक्टर सलाईन लावू या म्हणतात. सासूबाईंच्या मते हे दातांचं आहे, अंगावरचं दूध दोन दिवस बंद ठेवावं आणि जायफळ उगाळून द्यावं. यातलं नेमकं काय करू, असं त्या विचारतात.

पुढचं वाचण्याआधी मुलीकडे बघा. ती नीट जागी आहे का, तुमच्या हाकेला बघते का? चमच्याने पाणी दिलं तर गिळते का? शेवटची लघवी कधी झाली? बेंबी आणि कुशीच्या मधोमध पोटाची कातडी उभी चिमटीत धरा आणि सोडा. लगेच सपाट होते की चुणी क्षणभर तशीच राहते?

मुलगी गळून पडली असेल, हाक मारूनही डोळे उघडत नसेल, पिणं जमत नसेल, प्यायलेलं सगळंच उलटून पडत असेल, कातडीची चुणी दोन सेकंदांहून जास्त राहत असेल, सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल, हातपाय गार पडले असतील, शीमध्ये रक्त किंवा उलटीत हिरवं पित्त दिसत असेल, पोट फुगलं असेल किंवा झटका आला असेल, तर यातली एक गोष्टही पुरे आहे. जिथे लहान मुलांना दाखल करून घेतात अशा दवाखान्यात आत्ताच निघा. सकाळ होण्याची, घरातले कुणी यायची वाट बघू नका. गिळता येत असेल तर वाटेतही चमच्याने ओआरएस चालू ठेवा.

यातलं काहीच नसेल, मुलगी नीट जागी आहे, नेहमीसारखी पिते आहे, तर हा आजार घरी सांभाळण्यासारखा आहे. मात्र तो नीट सांभाळावा लागतो, आणि तिथेच गडबड होते.

तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते एकच वाक्य: पाजलं तरी थांबत नाही. हे मी जवळजवळ रोज ऐकत आले आहे. आई हुशार असते, पुडी आणते, पाजतेही, आणि दहा-बारा तासांत शी तेवढीच आहे हे बघून सोडून देते. मग सिरप, मग सलाईन. ओआरएसचं काम जुलाब थांबवणं हे नाहीच. बाहेर जाणारं पाणी आणि क्षार परत आत घालणं एवढंच त्याचं काम आहे. विषाणूमुळे झालेले जुलाब आपल्या गतीने तीन ते सात दिवसांत ओसरतात. तोपर्यंत मुलीच्या अंगातलं पाणी टिकलं पाहिजे. जुलाबाने मूल दगावतं ते पाणी आणि मीठ संपून, शी किती वेळा झाली यामुळे नव्हे. म्हणून शी मोजू नका, लघवी मोजा. लघवी दर तीन-चार तासांनी होते आहे, तिचा रंग फिका आहे, तोंड ओलं आहे, रडताना डोळ्यांत पाणी येतं आहे, मधूनच खेळते आहे, तर दिवसाला दहा वेळा शी होऊनही ओआरएस आपलं काम चोख करतंय.

पाजल्यावर लगेच शी होते त्याचंही कारण आहे. पोटात काही पडलं की आतडं हालतं, हे सगळ्याच बाळांत घडतं. तेव्हा बाहेर पडतं ते आधीपासून आतड्यात साठलेलं असतं, नुकतं पाजलेलं पाणी नव्हे.

लघवी मोजायची तर एक करा: डायपर काढून ठेवा. हल्लीचे डायपर इतकं पाणी शोषतात की पातळ शी आणि लघवी यांत फरकच कळत नाही. आई सांगते "लघवी चांगली होतेय, डायपर जड होता", आणि तो जड असतो जुलाबाच्या पाण्याने. दोन-तीन दिवस साधे सुती लंगोट वापरा. धुवायचा त्रास आहे, पण मुलगी कोरडी पडते आहे की नाही हे सांगणारं याहून सोपं साधन घरात नाही.

आता हे साधं मीठ-साखरेचं पाणी सलाईनच्या तोडीचं कसं, हा सासूबाईंच्या आणि शेजारच्या डॉक्टरांच्या मनातला खरा प्रश्न. जुलाबात आतड्याची पाणी शोषायची एक वाट बिघडते, पण दुसरी बहुतांशी शाबूत राहते. त्या वाटेवर ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्यामागे पाणी जातं. नुसतं पाणी पाजलं तर ही वाट उघडत नाही. साखर फार झाली तर उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून प्रमाणाला इतकं महत्त्व. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेचं जे सूत्र चालतं त्यात एका लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. पुडीवर घटक वाचा, हे आकडे जुळले पाहिजेत.

१९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावला निर्वासितांच्या छावण्यांत कॉलऱ्याने थैमान घातलं होतं. तिथे काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. त्यांनी ग्लुकोज, साधं मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात कालवला, पिंपांत भरला आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात पेले दिले. आधी शंभरातले तीस जण दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. पाजणाऱ्या नर्स नव्हत्या, घरातलीच माणसं होती. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. त्यांचं नाव आपल्याकडच्या प्रत्येक बाळंतिणीला माहीत असायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

त्यानंतर बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या दशकात घरोघर जाऊन बायकांना चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ घालून पाणी करायला शिकवलं. सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली. सुरुवातीला बायका शिकत, पाठही म्हणून दाखवत, पण पोर आजारी पडलं की वापरत नसत. घरातल्या पुरुषांनाही समजावून सांगायला सुरुवात झाली तेव्हा वापर वाढत गेला. हे सांगते कारण तुमच्या घरातही निर्णय एकट्या तुमच्या हातात नाही. लघवीची खूण सासूबाईंना दाखवा, नवऱ्याला दाखवा. तिघांनी मिळून एकच गोष्ट बघितली तर रात्री दोन वाजता सलाईनचा वाद होणार नाही.

आपल्याकडे हे अजून बाकी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जुलाब झालेल्या मुलांपैकी ६०.६ टक्क्यांना ओआरएस मिळालं होतं आणि त्याच्या जोडीला द्यायचं झिंक मिळालं होतं फक्त ३०.५ टक्क्यांना.

पाजायचं कसं, ते नीट सांगते, कारण चुका इथेच होतात. बाजारात दोन मापांच्या पुड्या मिळतात: मोठी, सुमारे एकवीस ग्रॅमची, एका लिटरसाठी, आणि छोटी, सव्वाचार ग्रॅमच्या आसपासची, २०० मिलीसाठी. मोठ्या पुडीतली थोडी-थोडी पूड पेल्यात टाकून देणं हे मी सगळ्यात जास्त बघते, आणि ते धोक्याचं आहे. अंदाजाने जास्त पडली तर रक्तातलं सोडियम चढतं आणि बाळाला झटके येऊ शकतात. कमी पडली तर उपयोग होत नाही. उघडली पुडी की ती सगळीच्या सगळी, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. लिटरचं माप नसेल तर पाण्याची एक लिटरची बाटली घरात असतेच. वर साखर, दूध, सरबत काही घालायचं नाही, कालवल्यावर पुन्हा उकळायचं नाही. झाकून ठेवा आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. ते वाया गेल्याचं वाईट वाटून घेऊ नका.

प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, म्हणजे घरातली लहान वाटी अर्धी ते एक. तुमची मुलगी आत्ता किरकिरी आणि तहानलेली असेल, डोळे थोडे खोल वाटत असतील, चुणी सावकाश जात असेल, तर आधीची तूट भरून काढावी लागेल. त्यासाठी किलोमागे ७५ मिली, म्हणजे आठ किलोला ६०० मिली, चार तासांत. हे शक्यतो उपकेंद्रात किंवा दवाखान्यात बसून पाजा, म्हणजे चार तासांनी कुणी तपासेल. आकडा मोठा वाटतो, पण एका दमात पाजायचं नाही. चमचा-चमचा, दर मिनिट-दोन मिनिटांनी. बाटलीने नको, भराभर पोटात गेलं की उलटी होते. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, आणखी सावकाश. "उलटी झाली म्हणजे पचत नाही" असं समजून लोक थांबतात. उलटीत सगळं बाहेर येत नाही, बराच भाग आत राहतो. हे काम कंटाळवाणं आहे, हात दुखतो, आई दोन रात्री झोपलेली नसते. म्हणून पाळ्या लावा. आजीच्या हातून नात जास्त पिते, हा अनुभव आहे.

दुकानात 'ओआरएस' असं नाव मिरवणाऱ्या गोड पेयांचे खोके मिळतात, त्यातलं काही घरात आणलं असेल तर ते बाजूला ठेवा. त्यांत साखर जास्त आणि क्षार कमी असतात. जुलाबाच्या मुलाला ते देणं म्हणजे आजार वाढवणं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असल्या पेयांना हे नाव लावायला बंदी केली. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. ग्लुकोजची पावडरही नको. तांदळाची मीठ घातलेली पेज, वरणाचं पाणी, घरचं पातळ ताक चालतं, पण ओआरएसच्या जोडीला, त्याच्या जागी नाही.

आता मेडिकलमधलं सिरप. त्यावर नाव काय आहे ते मला माहीत नाही, पण आतड्याची हालचाल थांबवणारं औषध असेल तर लहान मुलाला ते अजिबात देऊ नये. शी दिसायची बंद होते, पण पाणी आतड्यात साठत राहतं, पोट फुगतं, आणि आईला वाटतं बरं वाटलं. दोन अँटिबायोटिकचं मिश्रण असलेलं सिरप असेल तर तेही नको. या वयातले पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंचे असतात, त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही, उलट त्यानेच शी आणखी पातळ होऊ शकते. शीमध्ये रक्त असेल किंवा कॉलऱ्याची शंका असेल तर ते लागतं, आणि ते तपासून डॉक्टर ठरवतात. रक्ताबद्दल एक वेगळी सूचना: बाळ अचानक पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मग शांत पडतं, पुन्हा काही मिनिटांनी तसंच, आणि शी लाल जेलीसारखी, तर ते साधे जुलाब नव्हेत. आतड्याचा भाग आतड्यात शिरलेला असू शकतो. तिथे तास महत्त्वाचे असतात, आणि मुलांचे सर्जन असतील अशाच ठिकाणी जावं लागतं.

जायफळाबद्दल सासूबाईंशी भांडू नका, पण देऊही नका. जायफळाने गुंगी येते. जास्त उगाळलं गेलं तर बाळ सुस्त पडतं, आणि सुस्ती ही तर पाणी संपल्याची आपली सगळ्यात मोठी खूण. ती जायफळाची की जुलाबाची, हे मग मलाही बघून सांगता येत नाही. उलट टाळूच्या बाबतीत जुन्या बायकांची नजर बरोबर असते. "टाळू बसली" असं आजी म्हणाली की मी लगेच हात लावून बघते. टाळू खोल जाणं म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. फक्त ती तेल घालून भरत नाही, पाणी पाजून भरते.

सलाईन कधी? मूल बेशुद्धीकडे झुकलं असेल, पिऊच शकत नसेल, काही केल्या उलटी थांबत नसेल, पोट फुगलं असेल. तेव्हा मात्र एक मिनिटही घालवू नये आणि ते दाखल करूनच, वजनावर मोजून, ठरलेल्या वेगाने द्यावं लागतं. चांगली पिणाऱ्या मुलाला हौसेखातर एक बाटली लावून घरी पाठवण्यात सुईच्या वेदनेपलीकडे फार काही पदरात पडत नाही. घरचे मात्र निश्चिंत होतात आणि पाजणं बंद करतात, मला भीती त्याची वाटते. नुसत्या ग्लुकोजची बाटली असेल तर तिच्यात मीठ नसतंच, ती जुलाबावर चुकीची.

अंगावरचं दूध बंद करू नका. एक वेळही नाही. आईच्या दुधात पाणी आहे, साखर आहे, रोगाशी लढणारे घटक आहेत, आणि आजारी बाळाला दुसरं काही नको असलं तरी ते हवं असतं. मागेल तेव्हा, नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजा. "पोटाला आराम" ही कल्पना मोठ्या माणसांची आहे. बाळाच्या आतड्याचं अस्तर झडलेलं असतं, आणि ते पुन्हा उगवायला आतड्यात अन्न पडावं लागतं. मऊ खिचडी वर थोडं तेल किंवा तूप घालून, दहीभात, कुस्करलेलं केळं, नाचणीची पेज. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. नुसत्या साबुदाण्याच्या पाण्यावर ठेवलेलं मूल चौथ्या दिवशी जुलाबातून उठतं आणि वजन गमावून बसतं. तसंच कमी वजनाचं मूल पुढच्या जुलाबात आणखी लवकर कोसळतं. बरी झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्या.

झिंक कुणी दिलेलं दिसत नाही. सहा महिन्यांवरच्या मुलाला २० मिलीग्रॅमची एक गोळी रोज, चमचाभर पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात विरघळवून, चौदा दिवस. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी. जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओसरले की आया गोळी बंद करतात. पण पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाब टळावेत म्हणूनच ती पूर्ण चौदा दिवस द्यायची आहे. आशाताईंकडे पुड्या आणि गोळ्या दोन्ही फुकट मिळतात. पावसाळ्याच्या सुमारास 'स्टॉप डायरिया' मोहिमेत त्या घरीच आणून देतात. संपल्या असतील तर मागून घ्या, हक्काच्या आहेत.

दातांचं म्हणाल तर दात आणि जुलाब एकाच वयात येतात, म्हणून त्यांची गाठ मारली गेली. या वयात मूल रांगतं, फरशीवरचं सगळं तोंडात घालतं, वरचं अन्न सुरू झालेलं असतं आणि पोटात असताना आईकडून मिळालेलं संरक्षण संपत आलेलं असतं. दातांवर ढकललं की पाणी कुठलं, बाटली कशी धुतली, हात कुणी धुतले, हे बघायचंच राहतं. दूध पाजायची बाटली घरात असेल तर ती काढून टाका आणि वाटी-चमचा वापरा. बूच आणि आतली खाच रोज उकळून स्वच्छ ठेवणं कामाच्या घरात होत नाही. आणि लेकराच्या शीची कुणाला किळस नसते, त्यामुळे ती पुसून तसेच पदराला हात लावून पोळ्या लाटायला बसतात. त्या शीत रोग पसरवायची ताकद मोठ्यांच्या शीइतकीच असते. ती संडासात टाका, लंगोट वेगळा धुवा, हात साबणाने धुवा, तुम्ही आणि सासूबाई दोघींनी.

शेवटी लसीचं कार्ड काढून बघा. रोटाव्हायरसचे थेंब सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तोंडाने देतात. २०१६ पासून ते सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आले आणि २०१९ पासून महाराष्ट्रातही फुकट आहेत. त्यांनी सगळे जुलाब टळत नाहीत, दाखल करावं लागेल असे गंभीर जुलाब टळतात. पहिला डोस वर्षाच्या आतच सुरू करता येतो आणि तुमची मुलगी अकरा महिन्यांची आहे. राहिला असेल तर बरी झाल्याबरोबर याच महिन्यात आशाताईंना गाठा. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस आणि 'अ' जीवनसत्त्वाचा डोस झालाय का, तेही त्याच कार्डावर दिसेल.